टांग्यात जन्मलेले खांबेटेकाका

खांबेटेकाकांचं घड्याळ सहा तास चुकीचं होतं, आणि ते तसंच राहावं म्हणून काका त्याला रोज सकाळी जपून किल्ली द्यायचे.

हे मला आधी माहीत नव्हतं. साठीच्या दशकाची सुरुवात होती. जर्मनीत ब्राउनश्वाइगला काँक्रीटवर डॉक्टरेट करायला येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. गावात मराठी बोलणारी माणसं एका टेबलाभोवती मावतील एवढीच. त्यातले हे सर्वांत वडील. युनिव्हर्सिटीच्या वर्कशॉपमध्ये उपकरणं दुरुस्त करायचे, एकटेच राहायचे. म्हणाले, "रविवारी दोनला ये. पोहे करतो." मी शनिवारपासूनच पोटात जागा करून ठेवली आणि बरोबर दोनला दार वाजवलं.

काका लालबुंद. "दोनला बोलावलं तर आठला येतोस?" त्यांनी घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं. खरोखरच आठ वाजले होते.

"अरे, स्वाहिलीत उजाडल्यापासून तास मोजतात. सातला एक, आठला दोन. यात न कळण्यासारखं काय आहे?" पोहे ओटचे होते आणि सहा तासांत त्यांची खळ झाली होती. मी दोनदा वाढून घेतले.

त्या दिवशी त्यांनी सांगितलं, "माझा जन्म टांग्यात झाला." त्यांच्या आईबद्दल मला फार वाईट वाटलं. दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचता आलं नाही बिचारीला! बराच वेळ हळहळून झाल्यावर कळलं की टांगा हे आफ्रिकेतल्या टांगानिकातलं बंदर आहे. त्यांचे वडील तिथे स्टेशनमास्तर होते. मी पहिला वर्ग मिळवून जर्मनीला आलो होतो, हे इथे नमूद करतो.

टांगानिका नुकताच स्वतंत्र झाला होता. शाळा बांधायला, दवाखान्यात काम करायला जर्मन तरुण निघाले होते. त्यांना देशाची ओळख करून देण्यासाठी चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी काकांचं व्याख्यान असे. प्रोजेक्टर चालवायला मी. "ए सिमेंटवाल्या, पुढचं चित्र!" असा हुकूम आला की मी हमखास मागचं चित्र लावायचो.

काकांचं व्याख्यान ऐकण्यासारखं असे. "आल्झो, तर मग, भिऊ नका," अशी सुरुवात. सिंहाबद्दल कोणी विचारलं की म्हणायचे, "टांग्यात मी एकही पाहिला नाही. डास मात्र ओळखीचे आहेत." एकदा एक वृद्ध गृहस्थ उठून म्हणाले, "तिथे जर्मन राज्य होतं तेव्हा तिथली रेल्वे आम्ही बांधली." काकांनी अतिशय आदराने विचारलं, "वा! आपण स्वतः किती रूळ उचललेत?" गृहस्थ खाली बसले.

मग भाषा. म्हाताऱ्या माणसाला 'शिकामू' म्हणायचं. म्हणजे आपला पायलागू. त्यावर म्हातारा 'मारहाबा' म्हणतो, तो आशीर्वाद. शिकामू म्हणून दाखवताना काका खरोखरच वाकायचे.

एका शनिवारी काकांचा घसा पार बसला. आवाजच फुटेना. त्यांनी मला पुढे ढकललं. वीस वेळा ऐकून व्याख्यान मला पाठ झालं होतं, त्यामुळे मी आनंदाने उभा राहिलो. किलिमांजारो उलटा लावला, तो खोल दरीसारखा दिसला, आणि मी तिची खोलीही सांगितली. नंतर समोरच्या तीस जणांकडून वृद्धांना 'मारहाबा' म्हणण्याचा सराव करून घेतला. गावातल्या आजोबांना भेटल्याबरोबर आशीर्वाद द्यायचा! मागे काका टेबल बडवत होते. मला वाटलं, दाद देताहेत.

गिझेला नावाची एक नर्स टांग्याच्याच दवाखान्यात निघाली होती. तिने विचारलं, "तुम्ही तिथे गेला आहात?"

"नाही," मी म्हणालो, "पण श्री. खांबेटे तिथलेच आहेत."

"ते शेवटचे कधी गेले होते?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी कागदावर लिहून दिलं: एकतीस वर्षांपूर्वी.

"इतकी वर्षं का नाही गेलात?" तिने सरळ त्यांनाच विचारलं. काका प्रोजेक्टरची वायर गुंडाळू लागले. अजून बारा चित्रं बाकी होती.

ट्रामच्या थांब्यावर त्यांनी फाटक्या आवाजात मला सांगितलं. आई लहानपणीच गेली. वाढवलं ते झुहूरा नावाच्या तिथल्याच एका बाईने. दम्याने जीव घाबरा व्हायचा तेव्हा ती छातीला तेल चोळत बसायची. सोळाव्या वर्षी पुण्याला शिकायला निघाले, तेव्हा ती धक्क्यावर आली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने रडली. बरोबरच्या मुलांनी विचारलं, "कोण रे ही?"

"मी म्हणालो, कोणी नाही," काका म्हणाले. "तिला गुजराती, मराठी सगळं कळायचं रे."

ट्राम आली, गेली. आम्ही तिथेच.

"पत्र तरी लिहायचं," मी म्हणालो. माणसाला धीर देण्याचं माझं कौशल्य हे एवढंच.

"काय लिहू?"

पण पुढच्या शनिवारी त्यांनी गिझेलाला झुहूराचं नाव, गल्ली, मशिदीची खूण असं सगळं लिहून दिलं. "असेल तर बघ," एवढंच म्हणाले.

चार महिन्यांनी तिचं पत्र आलं. काकांनी ते वर्कशॉपमध्ये माझ्या हातात दिलं. "तू वाच." झुहूरा सापडली होती. दृष्टी गेलेली, पण कान शाबूत. दत्तूचं, म्हणजे आमच्या काकांचं, नाव तिला सांगितलं. मग तिने एकच गोष्ट विचारली: थंडीत त्याला दमा होतो का, आणि तिथे छातीला तेल कोण लावतं?

"परत वाच," काका म्हणाले. मी परत वाचलं. त्यांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि लेथकडे तोंड करून उभे राहिले. मी तिसऱ्यांदा वाचायला लागलो तेव्हा म्हणाले, "बास."

त्या उन्हाळ्यात ते जहाजाने गेले. व्याख्यानं माझ्याकडे आली. श्रोते निम्मे झाले.

ऑक्टोबरात गिझेलाने काढलेला एक फोटो आला. भर दुपारचं ऊन, अंगणात अंथरलेली चटई. काका शर्टाची बटणं सोडून त्या चटईवर पोरासारखे बसलेत. एक म्हातारी बाई त्यांच्या उघड्या छातीला कान लावून श्वास ऐकते आहे. आणि आमचे बडबडे काका, तिला नीट ऐकू यावं म्हणून, तोंड घट्ट मिटून बसले आहेत.