मंजिरीबाईंची उमेदवारीवरील स्वारी आणि भट्टीखान्यातील भोजन

श्री कुलस्वामिनीच्या पायी मस्तक, आणि जिच्या कृपेने परमुलखीही दाणा शिजतो त्या अन्नपूर्णेस दंडवत. तुळशीस पाणी घालून, निरांजन लावून लेखणी उचलिली आहे. जे घडले ते सांगावे, आणि जेथे हसू येईल तेथे हसावे, देव रागावत नाही.

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर. नाव क्रोधी, परंतु साल गोड गेले. ते समयी दक्षिणेतील एका नदीकाठच्या राज्यातील मंजिरीबाई, वय तेवीस, या समुद्रापलीकडे हिमप्रांती विद्येस्तव मुक्काम करून होत्या. कारखान्याची व्यवस्था कैसी लावावी, माल कोठे अडतो, कोठे नासतो, हे शास्त्र त्या शिकत, आणि बुद्धी ऐसी की पंतोजी खूश, परंतु त्या विद्यालयाचा दंडक ऐसा होता की शेवटल्या सत्रात विद्यार्थ्याने कोणा सरदाराच्या कारखान्यात उमेदवारी करावी, हातास काम लागावे, तरच पदवी. आणि ठरल्या मितीपावेतो ज्यास उमेदवारी न मिळे त्याचे नाव पटावरून उतरे, नाव उतरले की राहावयाचा दस्तक रद्द, आणि दस्तक रद्द जाहला की अर्धी विद्या गाठोड्यात बांधून स्वारी परत स्वदेशी. ती मिती त्यांच्या पंचांगाने काही असो, आपुल्या पंचांगाने तो दिवाळीचा पाडवा पडत होता. मग बाईंनी कंबर बांधिली, आणि आपला करीना, म्हणजे कोण, कोठील, काय शिकलो, काय येते, ऐसा सुबक लिहून चहूकडील सरदारांकडे अर्जांची फौज रवाना केली, आणि फौज गेली तैसी परत आली. कित्येक नकार तर इतक्या त्वरेने आले की जासूद घोड्यावरून उतरलाच नसावा. काही सरदारांनी काचेच्या दर्पणातून मुलाखत दिली, सात समुद्रांपलीकडचा माणूस ज्यात दिसतो तो दर्पण, आणि तेथे घात जाहला तो ऐसा की बाई बोलक्या. धान्याच्या पोत्याची शिवण उसवावी तैसे शब्द सुटत. सरदाराने पुसावे, "आपले नाव?" आणि बाईंनी नावापासून प्रारंभ करून आजोळ, शाळा, पारितोषिके, गावची साखरेची गिरणी, तेथील वजनकाट्यावर बैलगाड्यांची रांग का लागे, इथपावेतो यावे, तो घटका भरून दर्पण काळा पडावा, आणि सरदाराचा दुसरा प्रश्न त्याच्या पोटातच राहावा.

बाईंच्या बिऱ्हाडी दुर्वाबाई म्हणून वऱ्हाड प्रांतीच्या एक मैत्रीण राहत. त्यांस उमेदवारी आधीच मिळाली होती, सबब त्यांचे चित्त स्वस्थ आणि जीभ मोकळी. रोज पुसत, "काऊन वं मंजिरे, आज किती नकार?"

"सकाळपासून तीन."

"माय वं! तिसऱ्याले त चहा बी नसन झाला. आयक, तू लय बोलते. त्या माणसाले प्रश्न त इचारू दे."

"अगं, पण त्याला सगळं कळायला नको का?"

"सगळं कशाले? लगीन लावाचं हाये का त्याच्यासंग?"

यावर बाई हसल्या, परंतु हसणे ओठांवर आणि पाडवा डोळ्यांपुढे, ऐशी स्थिती.

आता मागील एक वर्तमान सांगणे अगत्याचे. तिकडील उन्हाळ्याचे सुटीत बाई स्वदेशी आल्या होत्या आणि देवशयनी एकादशीस घरीच होत्या. ते दिवशी त्यांच्या आत्यासाहेब, राधाक्का, यांनी त्यांस देवापुढे बसविले आणि चातुर्मासाचे व्रत घातले. आत्यासाहेब स्वतः व्रतस्थ. कोणास मोठ्याने बोलल्याचे कोणी ऐकिले नाही. म्हणाल्या, "मंजे, देव आता चार महिने झोपला. त्याला झोपू दे गं बाळा. तू जेवताना मौन धर."

"चार महिने? आत्या, मी मरेन."

"कोणी मेलेलं नाही. पहिला घास तोंडात गेला की हात धुवेपर्यंत शब्द काढायचा नाही. खुणासुद्धा नाहीत, पुरे म्हणून पानावर हात आडवा धरलास तर तेवढा चालेल. बोललीस तर जेवण तिथंच संपलं, उठायचं. आणि पान टाकून तर उठायचं नाही, अन्नाचा अपमान होतो."

"मग चुकून बोलले तर उठायचं, की नाही उठायचं?"

"बोलायचंच नाही," ऐसे आत्यासाहेबांनी शांतपणे सांगून पाण्याची पळी हातावर सोडविली, आणि बाईंनी व्रत घेतले. घेताना हसत घेतले, परंतु हिमप्रांती येऊन ते नेटाने पाळिले. घरापासून इतके दूर एकट्याने जेवताना ती चिमूटभर शांतता बाईंस आवडू लागली. वाटे, आत्या समोर बसली आहे. मग ते व्रत आत्यासाहेबांचे न राहता बाईंचे स्वतःचे जाहले.

येणेप्रमाणे आश्विन मास लागला. विद्यालयाच्या पटांगणात सरदारांचा मेळा भरला, जो तो सरदार आपले निशाण लावून मेजामागे बसला, आणि विद्यार्थी नवे कपडे करून रांगा धरून उभे राहिले, आणि जेथे निशाण मोठे तेथे रांग मोठी. एका कोपऱ्यात पावांच्या भट्टीखान्याचे मेज होते, तेथे कोणी नव्हते, परंतु ताज्या पावाचा वास येत होता, म्हणून बाई तिकडे गेल्या. मेजामागे भट्टीखान्याचे कारभारी ओलाफपंत बसले होते, दाढी छातीपावेतो, डोळे निळे. बाईंनी करीना हाती दिला आणि बोलू लागल्या, आणि ओलाफपंत नुसते मान डोलवीत राहिले, आणि मेळा उठला. बाईंनी जाणले, येथेही गेले. तो चौथे दिवशी खलिता आला की आश्विन वद्य नवमीस दोन प्रहरी भट्टीखान्यात भोजनास यावे, खासा मालकीणबाई हजर राहतील.

दुर्वाबाईंनी खलिता वाचून टाळी वाजविली. "जेवाले बोलावलं? मंग झालंच की तुयं! जेवू घालून कोणी हाकलते का?"

"आधी जेवण, मग मुलाखत असणार."

"हो ना. पोटात अन्न पडलं का माणूस गोड होते. जेवण झालं का बोल. पन थोडकं."

येथे दोघींची चूक जाहली, आणि ती चूक आपुल्याच लोकांनी करावी ऐसी. आपुल्याकडे पाहुणा जेवल्यावाचून त्यास कामाचे पुसत नाहीत. हात धुवावे, सुपारी द्यावी, मग मसलत. त्या मुलखी जेवण हीच मसलत. हाती काटा धरितात आणि प्रश्नही तेव्हाच करितात. हे दोघींसही ठाऊक नव्हते. बाईंनी यजमानांस आगाऊ कळविले की मांस, मत्स्य, कांदा, लसूण आम्हांस वर्ज्य. मौनाचे कळविले नाही. कांद्याचा संबंध स्वयंपाक्याशी, मौनाचा संबंध देवाशी, यजमानांस त्याचे काय, ऐसा त्यांचा विचार.

मग नवमीस स्वारी भट्टीखान्यात दाखल जाहली. मालकीणबाई हेल्गाबाईसाहेब दारापावेतो सामोऱ्या आल्या, उंच, केस पांढरे शुभ्र, बाहीस पीठ लागलेले, आणि हवा कैसी, वाट सापडली का, इतके बोलून थेट मेजाशी नेले. तिघांची पाने मांडिली होती. पान म्हणजे केवढे! कुस्करलेल्या बटाट्याचा डोंगर, त्याच्या शिखरी लोण्याचे तळे, पायथ्याशी वाटाणे आणि गाजर, आणि बाजूस पावाचा तुकडा पाटाएवढा. बाईंनी डोळे मिटून हात जोडिले आणि पहिला घास मुखी घातला. तोच हेल्गाबाईसाहेबांनी चमचा खाली ठेवून म्हटले, "हं, मंजिरी, आता सांगा. आमच्याकडेच का यावेसे वाटले?"

बाईंचा घास जेथल्या तेथे थांबला. बोलावे, तर जेवण संपले, पान टाकून उठावे. पान टाकावे, तर अन्नाचा आणि यजमानांचा अपमान. न बोलावे, तर उमेदवारी गेली, नाव गेले, दस्तक गेला, आणि पाडवा आठवड्यावर. एक क्षण जीभ उचलिलीही. मग मनात आले की देवाशी केलेला बोल लाभ दिसताच मोडावा, तर उद्या माणसांशी केलेला कोण धरील? जाईल ते जावो. आणि बाईंनी घास गिळिला, हेल्गाबाईसाहेबांकडे पाहून प्रेमाने हसल्या, आणि दुसरा घास घेतला.

हेल्गाबाईसाहेबांनी वाट पाहिली. ओलाफपंत हळूच म्हणाले, "विचार करते आहे."

"तुम्ही म्हणाला होता, फार बोलते."

"मेळ्यात तर श्वासही घेत नव्हती!"

"तुम्ही काही लागेलसे बोललात का हिला?"

"मला संधीच कोठे मिळाली?"

बाईंस हसू आले, वाटाणा नाकात जाता जाता राहिला, परंतु शब्द नाही. मग जे जगात सर्वत्र होते ते तेथेही जाहले: रिकामी जागा कोणास सोसवेना. हेल्गाबाईसाहेब आपणच बोलू लागल्या की भट्टीखाना आमच्या वडिलांचा, पाव असा दुसरीकडे नाही, परंतु अलीकडे दुकानांतून पाव विकल्यावाचून परत येतो, शिळा होतो, टाकताना जीव तुटतो. बाईंचे डोळे मोठे जाहले. अन्न टाकणे म्हटले की त्यांस थेट आत बोचे. ते डोळे पाहून हेल्गाबाईसाहेब आणखी बोलल्या, आणि मग ओलाफपंतांस राहवेना, ते म्हणाले, "भट्टी लहान, दोनदा भाजावे लागते, म्हणून उशीर. दोन वर्षे हेच सांगतो आहे." आणि हेल्गाबाईसाहेब म्हणाल्या, "भट्टीस दोष देऊ नका, तुमच्या गाड्या उशिरा निघतात." आणि ते म्हणाले, "गाड्या उशिरा, कारण पाव उशिरा." आणि ऐसी जुंपली की पाहुणी कोण, मुलाखत कोणाची, याचे भान राहिले नाही. मध्येच ओलाफपंतांनी पाहिले, पाहुणीचे पान सरत आले, आवडलेले दिसते, म्हणून बटाट्याचा मोठा डाव वाढिला. बाईंनी पानावर हात आडवा धरिला. आपुल्याकडे त्याचा अर्थ पुरे. त्यांनी जाणिले, अन्नास आशीर्वाद देते आहे. दोघांनी भांडण थांबवून, डोळे मिटून माना लवविल्या, आणि प्रार्थना संपली ऐसे समजून ओलाफपंतांनी भक्तिभावाने आणखी एक डाव वाढिला.

बाईंनी तेही संपविले. कैसे संपविले ते अन्नपूर्णा जाणे. पाव फिरवून पान स्वच्छ केले, उठल्या, कोपऱ्यातील मोरीशी हात धुतले, चूळ भरिली, आणि परत येऊन प्रथम हात जोडिले. "क्षमा असावी. मला वाटलं, आधी जेवण आणि मग बोलणं. जेवताना न बोलण्याचं माझं व्रत आहे, कार्तिक एकादशीपर्यंत. एकदा घास घेतल्यावर सांगताही येईना."

हेल्गाबाईसाहेब सावकाश म्हणाल्या, "म्हणजे आम्ही बोललो ते सारे तुम्ही ऐकिले?"

"सगळं. तुम्ही म्हणता गाड्या, हे म्हणतात भट्टी. मला एकच विचारायचं होतं. परत येणारा पाव कोणकोणत्या दुकानांतून येतो, आणि किती वाजता, हे कोण पाहतं?"

हेल्गाबाईसाहेबांनी ओलाफपंतांकडे बोट केले, आणि त्याच क्षणी ओलाफपंतांनी हेल्गाबाईसाहेबांकडे. बटाट्याच्या भांड्यावर बोटास बोट लागायचे राहिले. मग हेल्गाबाईसाहेब हसू लागल्या, आणि डोळ्यांस पाणी येईतो हसल्या, आणि ओलाफपंतांची दाढी थरथरू लागली.

"ते मी पाहीन," मंजिरीबाई म्हणाल्या. "माझी उमेदवारी तीच असू दे." आणि आता तोंड मोकळे, म्हणून गावच्या गिरणीचा वजनकाटा सांगू लागल्या, तो हेल्गाबाईसाहेब म्हणाल्या, "मिळाली. बैलगाड्यांचे पुढले, कामावर आल्यावर सांगा. आता चला, भट्टी पाहा." हुकूम तेथेच जाहला, विद्यालयास वर्दी त्याच दिवशी गेली, आणि नाव पटावर राहिले.

बिऱ्हाडी येताच दुर्वाबाईंनी दार उघडिले. "सांग ना वं, काय बोलली तू?"

"काही नाही. जेवले. तीनदा बटाटा घेतला."

"आन् काम देल्लं? बटाट्यापायी? माय वं, म्या त दोन तास इंग्रजी झाडली होती!" आणि दोघी दारातच फेर धरून नाचल्या, आणि खालच्या मजल्यावरील म्हातारबाबांनी छतास काठी ठोकिली, तरी नाचल्या.

मग दर्पणातून आत्यासाहेबांस वर्तमान निवेदन केले. त्यांनी सारे ऐकून देवापुढे साखर ठेविली आणि पुसिले, "ती बाई घरी एकटीच असते का गं?"

"असेल. माहीत नाही. का?"

"परक्या मुलीपाशी एवढं बोलली. किती दिवसांचं साठलं असेल बिचारीचं. कामावर जाशील तेव्हा तिच्यापाशीच जेवायला बसत जा. आणि मंजे, तीन डाव बटाटा खाल्लायस, आता उद्यापर्यंत लंघन कर."

पौषात बाई कामावर रुजू जाहल्या आणि आज्ञेप्रमाणे हेल्गाबाईसाहेबांपाशीच जेवावयास बसल्या. व्रत कार्तिकातच सुटले होते. त्या दिवशी हेल्गाबाईसाहेब, ओलाफपंत आणि मंजिरीबाई तिघेही एकदम बोलत होते, कोणी कोणाचे ऐकिले नाही, बटाटा निवून गेला, आणि भट्टीखान्यात बहुत आनंद जाहला.

तात्पर्य इतुकेच की क्रोधी संवत्सरी मंजिरीबाईंनी परमुलखी उमेदवारी मिळविली, व्रत राखिले, आणि पुढे शोध केला तो भट्टीचाही दोष नव्हता आणि गाड्यांचाही नव्हता. दोन दुकानांस पाव दुपारी हवा होता आणि त्यांस पहाटेच नेऊन देत होते. पदवी यथाकाल मिळाली. घडले तैसे मांडिले. गोड ते देवीचे, उणे ते या हाताचे. दिवा शांत होण्याआधी लेखणी ठेविली.