डोलणारे बुवा आणि न हलणारा नवरा

या, असे पुढे सरकून बसा. चुलीशेजारी जागा आहे. मांजराला खुशाल उठवा, ते काही बोलणार नाही. कॉफीचा कप हातात घ्या आणि कान तेवढे माझ्याकडे द्या. मी माझ्या नवऱ्याला भर दुपारी, पोटभर जेवू घालून, त्याच्याच संमतीनं कसं मारलं, ते आज सांगणार आहे. आणि तेही एका फोटोपायी!

पण आधी एक गोष्ट ठणकावून सांगते. बंद खोलीत, खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यानं झकास फोटो कसा काढायचा, हे आमच्या डोंगरावरच्या मुकुचिरी गावात माझ्याइतकं कुणालाही कळत नाही. मी ते रीतसर शिकले आहे. रेडिओवर!

हसताय काय? सकाळची जपमाळ संपली की रेडिओवर घरगुती सल्ल्यांचा कार्यक्रम लागतो. एक दिवस गाजरं कशी टिकवायची, एक दिवस मेंढीच्या खुरांना काय लावायचं, आणि एक दिवस घरातले फोटो. कॅमेरा मला चर्चच्या सोडतीत लागला होता. खरं तर मला पहिलं बक्षीस हवं होतं. मेंढी होती. पण देवानं कॅमेरा दिला, त्यात त्याचा काहीतरी हेतू असणारच.

तो हेतू बरेच दिवस मला दिसला नाही, कारण फोटोत काहीच दिसायचं नाही! आमच्या घरांच्या भिंती जाड, खिडक्या रुमालाएवढ्या, बाहेर धुकं. फ्लॅश उडाला की माणसं उकडलेल्या बटाट्यासारखी पांढरीफटक, डोळे लालबुंद आणि मागे कोळशाची खाण. माझ्या भाचीच्या बाप्तिस्म्याच्या फोटोत फादर असे आलेत, की पाहणाऱ्याला वाटावं, धावा रे, बाळाला वाचवा!

आता क्रिसांतोबुवांकडे येते, कारण सगळं त्यांच्यासाठीच तर झालं.

जानेवारीत आमच्याकडे घरोघर पारादुरा असतो. नाताळपासून गव्हाणीत निजलेल्या बाळ येशूला रेशमी रुमालात घेऊन मिरवायचं, आणि गात गात गव्हाणीत उभं करायचं. गाणार कोण? क्रिसांतोबुवा! काळा कोट, वर काळी टोपी, व्हायोलिन हनुवटीखाली नाही, थेट छातीशी धरलेलं. दोन कडवी गातात, मग मध्येच थांबून बोलतात. "अरे, एवढंसं बाळ उभं राहतंय," म्हणतात, "आणि तू? तू अजून भावाच्या कुंपणावर आडवा!" आणि पुन्हा गाणं. कुंपणावरून वर्षानुवर्षं न बोलणारे दोन भाऊ त्या एका वाक्यावर एकमेकांच्या गळ्यात पडून रडलेले मी या डोळ्यांनी पाहिलेत. फादरांचं प्रवचन मी आदरानं ऐकते, हो! पण बुवांचं गाणं माझ्या हाडांत जाऊन बसतं. भांडी घासताना, बटाटे काढताना, मध्येच ते आतून बोलतं.

फक्त बुवा गाताना डोलतात. डोलतात म्हणजे टाचेपासून टोपीपर्यंत! वाऱ्यातलं गव्हाचं शेत त्यांच्यापुढे ताठ म्हणायचं.

आमच्या चर्चच्या भिंतीवर गावच्या सगळ्या गायकबुवांचे फोटो ओळीनं लावलेत. क्रिसांतोबुवांची चौकट मात्र रिकामी. कारण त्यांचा एकही फोटो धड नाही. एकात नुसती टोपी आली, एकात कोपर, एकात व्हायोलिनचं टोक आणि शेजारच्या बाईची नाकपुडी! आणि आता बुवांची छाती थंडीनं धरली. डॉक्टर म्हणाले, डोंगर सोडा, गाणं सोडा. रविवारी ते खाली सपाटीवरच्या बारिनास शहरात मुलीकडे जाणार होते, कायमचे. आमच्या घरचा शनिवारचा पारादुरा हा त्यांचा शेवटचा.

चर्चची व्यवस्था पाहते एर्मेलिंदाताई. गावातलं एकमेव दुकानही तिचंच आणि गावातली एकमेव जीभही तिचीच.

"स्तेला," ती म्हणाली, "रिकामी चौकट पडलेल्या दातासारखी दिसते. रविवारपर्यंत बुवांचा फोटो आणलास तर ठीक. नाहीतर तिथे माझ्या विल्मरचा लावणार."

विल्मर म्हणजे तिचा भाचा! तो नाकातून गातो आणि विजेची पेटी वाजवतो. पेटीतलं एक बटण दाबलं की ढोल आपोआप वाजतो. बाळ येशू उभा राहायच्या ऐवजी उठून पळून जायचा!

"आणते फोटो," मी म्हटलं. "असा आणते की चौकट स्वतःहून टाळ्या वाजवील!"

रेडिओवरच्या गृहस्थांचे सगळे सल्ले मला पाठ होते. पहिला, फ्लॅश बंद. दुसरा, पांढऱ्या चादरी भिंतीवर टांगा, म्हणजे उजेड त्यांच्यावरून उसळून चेहऱ्यावर येतो. तिसरा, कॅमेरा हातात धरूच नका, हात थरथरतो. घेवड्याच्या पिशवीवर नीट बसवा आणि आपोआप फोटो काढणारं बटण दाबून बाजूला व्हा. आणि शेवटचा, माणसांना सांगा, पुतळे व्हा!

शनिवारी दुपारी मी सगळ्या चादरी भिंतींवर टांगल्या. काळ्या घेवड्याचं पोतं टेबलावर चढवलं. सरावाला बुवांच्या जागी कुणीतरी हवं, म्हणून माझ्या नवऱ्याला, एवेलियोला, लग्नातला काळा कोट चढवला. बटणं लागेनात, म्हणून मागून फाडला.

"अगं, हा माझा एकुलता एक कोट!"

"समोरून शाबूत आहे ना? फोटो समोरून काढतात. हात छातीवर घे. व्हायोलिन धरल्यासारखे. आणि हलू नकोस!"

"श्वास घेऊ?"

"अर्धा घे."

थोड्या वेळानं तो कुरकुरला, "पाय भरून आले. उजेड तोंडावर पडल्याशी तुला मतलब ना? मग मी उभा काय नि आडवा काय!" आणि बाकावर आडवा झाला. मी उशापायथ्याशी मेणबत्त्या लावल्या. काय सांगू, चेहरा असा उजळला! पण उजेड अजून थोडा कमी पडत होता. म्हणून मी शाल घेतली आणि दुकानाकडे निघाले.

"एर्मेलिंदाताई, मेणबत्त्या दे. असतील तेवढ्या."

"एवढ्या कशाला गं?"

"एवेलियोसाठी. काय सांगू तुला, जेवण झाल्यापासून जागचा हलला नाहीये! मी विचारही केला नव्हता इतका छान पडलाय."

तिच्या हातातला तराजू तिथेच राहिला. "जेवण झाल्यापासून? आणि... आणि घरी त्याच्याजवळ कोण आहे?"

"कुणी कशाला हवंय? काळा कोट घातलाय, चादरी टांगल्यात. आता बुवा आले आणि गायले की झालं."

"बाई गं," ती म्हणाली आणि तिनं मेणबत्त्यांचे पैसेच घेतले नाहीत. तेव्हाच मला शंका यायला हवी होती! एर्मेलिंदा फुकट देते, म्हणजे जगात काहीतरी भयंकर घडलेलं असतं. पण मी आपली भाबडी. वाटलं, पारादुऱ्याचं पुण्य घेतेय बिचारी. वाटेत चर्चमध्ये शिरले, बराच वेळ गुडघे टेकून बसले. म्हटलं, देवा, मी कधी काही मागत नाही. मेंढी मागितली होती ती सोड. पण आज बुवांना एक क्षण स्थिर कर!

घरी येते तर अंगणात अख्खा गाव! पुरुषांच्या टोप्या हातात, बायकांच्या हातात सुपाची पातेली.

मी खूश झाले. "वा, वा! आज किती लवकर आलात सगळे!"

एका म्हातारीनं माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढलं. "रड, पोरी, रड."

"रडू कशाला? आज तर आनंदाचा दिवस!"

"डोक्यावर परिणाम झालाय," मागून कुणीतरी पुटपुटलं.

मी गर्दीतून वाट काढत आत गेले. तुम्हीच सांगा, मी कुठे चुकले? पांढऱ्या चादरी, काळा कोट, छातीवर हात, उशाला मेणबत्त्या. आमच्याकडे माणूस गेला की खोली अशीच सजवतात! आणि ही सगळी सजावट मी स्वतःच्या हातांनी केली होती! एवेलियो मात्र सूप पिऊन जो झोपला होता, तो घोरायचंही विसरला होता. एरवी त्याच्या घोरण्यानं शेजारची कोंबडी अंडं द्यायची थांबते!

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दारातून क्रिसांतोबुवा आले. धापा टाकत, रडत. टोपीला हात लावला, व्हायोलिन छातीशी धरलं आणि गायला लागले.

"एवेलियो, तुझ्या शेताचं गेट कधी बंद नव्हतं," ते गात होते. "माझं खेचर दरीत अडकलं तेव्हा पावसात तू उतरलास, आणि वर येऊन म्हणालास, खेचरच शहाणं, बुवा, तुम्ही उगाच घाबरता..."

सगळे हुंदके देऊ लागले. मीही! एवेलियो दरीत उतरला होता? मला तर म्हणाला होता, पत्ते खेळताना चिखल लागला! आणि त्या क्षणी मला दिसलं, मेलेल्याचा एक डोळा हळूच उघडला. माझ्याकडे पाहून त्यानं अगदी बारीक मान हलवली. म्हणजे, थांब! अजून एक कडवं होऊ दे!

आणि मग मला दुसरं काहीतरी दिसलं. चादरींवरून उसळलेला उजेड. सोन्यासारखे चेहरे. आणि माणसं? पुतळे! दुःखानं थिजलेले, पापणीसुद्धा न हलवणारे पुतळे. रेडिओवरच्या गृहस्थांनी जन्मभर स्वप्नात पाहिला असेल असा देखावा!

आता तुम्ही मला काहीही म्हणा. मी बटण दाबलं.

कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकू लागला. "ही बाई फोटो काढतेय!" कुणीतरी ओठ न हलवता कुजबुजलं. "नवऱ्याच्या प्रेताचा!" पण फोटो म्हटल्यावर हलायचं नाही, एवढी शिस्त गावाला आहे. सगळे तसेच थांबले. क्लिक!

त्याच वेळी एर्मेलिंदानं बाकाशी लोळण घेतली. "एवेलियो, मला माफ कर रे! तुझ्या पिशवीत मी नेहमी तळाला सडके कांदे घालायचे!"

"तरीच!" म्हणत प्रेत ताडकन उठून बसलं.

पुढचं काय सांगू! एर्मेलिंदा किंचाळत मागे पडली ती थेट सुपाच्या पातेल्यात बसली. घेवड्याचं पोतं उलटलं आणि पळणारे सगळे घेवड्यावरून घसरत एकमेकांवर रचले गेले. कॅमेरा मी हवेत झेलला. एकटे बुवा जागच्या जागी उभे, अजून डोलत. एवेलियोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चादरींकडे पाहिलं, आणि असे हसले की त्यांचा खोकलाच बंद झाला.

"स्तेला, पोरी," ते म्हणाले, "आयुष्यभर गायलो, आज गाऊन मेलेला उठवला! आता मी निवांत बारिनासला जातो."

सूप गरम होतं, मेणबत्त्या फुकट होत्या, गाव आलेलाच होता. लगेच पारादुरा करून टाकला. बाळ येशू उभा राहिला, केक कापला, गोड वाइन फिरली. शेवटी मी हात जोडले.

"बुवा, एकदाच. गाता गाता, पण न हलता."

बिचारे ताठ उभे राहिले. तोंड उघडलं, पण आवाजच येईना! दात काढायला बसलेल्या माणसासारखा चेहरा झाला. तरी मी फोटो काढला. लख्ख आला! मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. मी विजयानं कॅमेरा एर्मेलिंदासमोर धरला.

ती स्कर्टवरचे बटाटे झटकत म्हणाली, "हे कोण? वीजबिलवाले?"

कॅमेरा हातोहात फिरला. कुणीच बुवांना ओळखेना. फोटोत बुवा होते, पण त्यात बुवा नव्हतेच! मला रडू कोसळलं. चौकट गेली, विल्मर आला, ढोलाचं बटण आलं!

तेवढ्यात कुणाचं तरी बोट लागून मागचा फोटो छोट्या पडद्यावर आला. दुपारचा. अख्खा गाव काचेवर कोरल्यासारखा स्पष्ट, आणि मधोमध एक काळी-सोनेरी लाट. ना नाक, ना डोळे. मेणबत्त्यांच्या उजेडात मध सांडावा तसं काहीतरी, टाचेपासून टोपीपर्यंत.

एर्मेलिंदानं क्रुसाची खूण केली. "बुवा," ती हळूच म्हणाली. "अगदी बुवाच. ऐकू येतंय."

तोच फोटो मोठा करून रविवारी सकाळी, बुवांची गाडी निघायच्या आत, चौकटीत बसवला. बुवा चौकटीजवळ गेले. म्हणाले, "आज पहिल्यांदा माझा फोटो माझ्यासारखा आला."

आता माझी एक छोटीशी अडचण आहे. त्या फोटोत सर्वांत स्पष्ट कोण आलंय? एवेलियो! फाटका कोट समोरून शाबूत, छातीवर हात, चेहऱ्यावर स्वर्गीय शांती. बाहेरगावचे लोक येतात, त्यांना वाटतं हाच तो थोर गायक, आणि त्याच्यासमोर मेणबत्त्या लावतात! परवा एक बाई मुलीचं लग्न जमावं म्हणून गुडघे टेकून बसली होती. तेव्हापासून हा घरात लाकूड उचलत नाही. म्हणतो, संतांना कामं सांगतात का?

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. आमच्या चर्चमध्ये आलात तर त्या आडव्या माणसाकडे मुळीच बघू नका. तो जिवंत आहे आणि दोनदा वाढून घेतो. नीट पाहिलंत तर त्याचा एक डोळा उघडा आहे. त्याच्या शेजारी जे पुसट, डोलणारं दिसेल, त्याच्यासमोर टोपी काढा. ते क्रिसांतोबुवा. खाली बारिनासच्या उन्हात, मुलीच्या अंगणात खुर्ची टाकून बसलेले असतात आणि त्यांना गायला बंदी आहे. रात्री प्रार्थना कराल तेव्हा त्यांची आठवण ठेवा. आणि प्रार्थना करताना थोडं डोललात तरी चालेल, मी कॅमेरा आणणार नाही.