नागपूरचा संशोधक

सोमवारी सकाळी पुण्यातल्या साहेबांशी बोलता बोलता स्नेहा तोंड उघडं ठेवून गोठली. म्हणजे नाशिकला इंदिरानगरच्या घरात ती व्यवस्थित बोलत होती. पुण्यातल्या पडद्यावर मात्र ती बराच वेळ जांभई देत राहिली. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, रात्री झोप होत नाही का?"

"पप्पा, नेटचं काहीतरी करा," ती बाहेर येऊन म्हणाली. "एक पान उघडेपर्यंत चहा होतो."

"होऊन निवतो पण," तिची आई रंजना आतून म्हणाली.

पप्पा, म्हणजे धम्मपाल पगारे, सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक होता. काही बिघडलं की आधी दोष कुणाचा ते ठरवायचं, दुरुस्तीचं मग बघायचं, ही पद्धत त्याच्या अंगवळणी पडली होती. त्याने डोळे बारीक करून समोरच्या फ्लॅटच्या दाराकडे पाहिलं. तिथे नियाज राहायचा. लॉकडाउनमध्ये त्याच्या मुलीची, शाझियाची शाळा चालावी म्हणून धम्मपालने स्वतःहून पासवर्ड दिला होता. तेव्हापासून दर ईदला शीरखुर्मा येत होता. आता धम्मपालला वाटलं, शीरखुर्म्याच्या मानाने नेट जरा जास्तच जातंय. त्याने कुणालाही न सांगता पासवर्ड बदलला.

संध्याकाळी नियाज दारात.

"भाऊ, तुमचं नेट ठीक आहे ना? शाझियाचा मोबाइल सकाळपासून दार ठोकतोय, आत घेत नाही."

"पासवर्ड बदलला. सुरक्षेसाठी," धम्मपाल पंख्याकडे बघत म्हणाला.

"अच्छा केलं. जमाना खराब आहे. आम्ही मागच्या वर्षीच आमचं घेतलं हो, फोनला जुनी सवय आहे, जातो तिकडे. मी घाबरलो, म्हटलं भाऊंचं बंद पडलं की काय." मग त्याने आवाज खाली आणला. "स्लो चालत असेल तर आमचं वापरा. पासवर्ड लिहून घ्या, स्नेहादीदी."

पासवर्ड 'स्नेहादीदी' असाच होता. शाझियाने ठेवला होता. लॉकडाउनमध्ये तिला गणित स्नेहाने शिकवलं होतं.

नियाज गेल्यावर रंजना आतून बाहेर आली. तिने शीरखुर्म्याचा परत द्यायचा राहिलेला वाडगा ओट्यावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

दोष नियाजकडे राहिला नाही, म्हणून तो कंपनीकडे गेला. कंपनीचा माणूस आला, त्याने नेटची पेटी फ्रिजवरून खिडकीत ठेवली आणि मोठा प्लॅन घ्यायला सांगितलं. मोठा प्लॅन घेतला. पान पूर्वीइतकंच सावकाश उघडत राहिलं. शेवटी गुरुवारी स्नेहाने घरातल्या एकेका वस्तूकडे संशयाने बघायला सुरुवात केली आणि हॉलच्या कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवरचा भरतकामाचा रुमाल उचलला.

"पप्पा, हा चालूच असतो?"

"असणारच. त्याच्यावर दादा आहेत."

दादा म्हणजे धम्मपालचे वडील, सहादू पगारे. दिवसा कारखान्यात आणि जयंतीच्या दिवसांत गायन पार्टीत. पेटी, ढोलकी आणि सहादूचा आवाज असला की नाशिक रोडपासून लासलगावपर्यंत लोक पहाटेपर्यंत उठायचे नाहीत. दादा गेल्यावर वाटणी फारशी झाली नाही, कारण वाटायला फारसं नव्हतं. आई यशोदाबाई गंगापूर रोडला मोठ्या मुलाकडे, अश्विनकडे गेली आणि दादांच्या गाण्यांच्या कॅसेटी धम्मपालकडे आल्या. मग अश्विनने निरोप पाठवला, आईला गाणी ऐकायची आहेत, कॅसेटी दे. धम्मपालने उलट निरोप पाठवला, आईला इकडे पाठव. यावर दोघांनी अबोला धरला. दोघेही वडिलांवर गेले होते. सूर एकदा लावला की सोडायचा नाही.

आईला खरं तर एकच गाणं हवं होतं. गायन पार्टीचा कवी शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतो. सहादूनेही आयुष्यभर तेच केलं, फक्त एका गाण्यात स्वतःच्या नावाआधी बायकोचं नाव घातलं होतं. ते नाव त्याने घरात कधी घेतलं नाही. हजार माणसांसमोर गायला.

मी कॅसेटी दाबून बसलोय असं कुणी म्हणू नये म्हणून धम्मपालने त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि एका फाइल वाटायच्या सॉफ्टवेअरवर साऱ्या जगाला खुल्या केल्या. वडिलांच्या बाबतीत काटकसर नको म्हणून सगळ्यात मोठा दर्जा निवडला आणि दादांचे तुकडे नकोत म्हणून सगळ्या गाण्यांची मिळून एकच प्रचंड फाइल केली. तिला नाव दिलं 'सहादू पगारे यांची गीते अंतिम सुधारित'. 'पगारे परिवार' या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली. ग्रुपवर अश्विनही होता, पण त्याने अंगठासुद्धा दाखवला नाही.

काही दिवसांनी सॉफ्टवेअरच्या खिडकीत एक अनोळखी श्रोता उमटला. नाव नाही, नुसते आकडे आणि शेजारी भारताचा झेंडा. लंडन नाही म्हणून धम्मपाल थोडा हिरमुसला. मग विचार करून त्याने ठरवलं, की हा नागपूरचा कुणी संशोधक असणार. आठवडाभरात ऑफिसमध्ये सगळ्यांना माहीत झालं, की पगारेंच्या वडिलांवर नागपुरात पीएचडी चालू आहे.

स्नेहाने खिडकी नीट पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"पप्पा, आपलं बाहेर पाठवायचं सगळं नेट आजोबा घेतायत. पान मागवायला आपली विनंती बाहेर जावी लागते ना? तिच्या वाटेवरच आजोबा पेटी घेऊन बसलेत."

"म्हणजे नियाजचा काही..."

"नाही. कंपनीचाही नाही."

लिपिकाच्या आयुष्यात दोष स्वतःच्या टेबलावर येण्याचे प्रसंग थोडे असतात.

"पण आता काही करू नका," स्नेहा म्हणाली. "त्या माणसाचं एक्क्याण्णव टक्के झालंय. दोन-तीन दिवसांत संपेल. तोवर मी शाझियाकडे बसून काम करते."

ती गेल्यावर धम्मपालने सॉफ्टवेअरमधलं ते बटण शोधून काढलं. बाहेर जाणाऱ्या वेगाला मर्यादा घालता येत होती. त्याने मर्यादा अगदी तळाशी नेली. वीजबिलाचं पान फाडकन उघडलं. बातम्या उघडल्या. उगाचच हवामान उघडून पाहिलं, नाशिकला आकाश निरभ्र होतं. इतके दिवस शोधलेलं औषध हाती लागल्यावर दोन दिवस थांबणं त्याला जमेना.

"आणि त्या पीएचडीवाल्याचं?" रंजनाने विचारलं.

"संशोधकांना थांबायची सवय असते. महिनाभर फुकट घेतोय, धन्यवादाचा एक शब्द नाही."

रविवारी दादांचा पहिला स्मृतिदिन गंगापूर रोडला होता. धम्मपाल कुटुंबासह गेला. "जयभीम" म्हणताना दोघा भावांनी एकमेकांच्या मधल्या हवेला नमस्कार केला. बुद्धवंदना झाली, खीर वाटली गेली.

"आई, त्याला सांग, खीर अजून घे," अश्विन म्हणाला.

"आई, त्याला सांग, बस झाली," धम्मपाल म्हणाला.

"मी काय पोष्ट हाय का रे?" यशोदाबाई म्हणाली. "दोन हातावर तर बसलाय."

मग अश्विन उभा राहिला. "आज आईसाठी एक खास गोष्ट आहे," तो म्हणाला आणि त्याने मुलीला खूण केली. पिंकीने कॉम्प्युटर स्पीकरला जोडला. खोलीत आधी कॅसेटची खरखर आली, मग पेटी, आणि मग सहादू पगारे गायला लागला.

यशोदाबाईने पदर सावरला, जसा माणूस घरात आल्यावर सावरतात. "माझंच गानं हाय," ती शेजारणीला म्हणाली. "शेवटच्या कडव्यात नाव हाय माझं. ऐक."

धम्मपालची नजर पडद्यावर गेली. कोपऱ्यात त्याच्या ओळखीची खिडकी उघडी होती. तिच्यावर त्यानेच दिलेलं नाव होतं, 'अंतिम सुधारित'सकट. पुढे एक्क्याण्णव टक्के.

पहिलं कडवं व्यवस्थित झालं. दुसऱ्यात दोनदा आवाज गेला आणि आला. अशी फाइल क्रमाने येत नाही. कुठलाही तुकडा कधीही येतो, आणि जो आला नाही तिथे नुसती शांतता वाजते. शेवटचं कडवं सुरू झालं. ढोलकी चढली, सहादूने श्वास घेतला, आणि सगळं बंद झालं.

खोलीत पंखा तेवढा फिरत होता. खूप वेळाने टाळ्या ऐकू आल्या, त्या कॅसेटमधल्या होत्या.

"माझं नाव कुठं गेलं?" यशोदाबाईने विचारलं.

मग तिनेच घसा खाकरला आणि ती ओळ, नावासकट, हळू आवाजात म्हणून टाकली. म्हणताना ती स्वतःच लाजली.

अश्विन लाल झाला होता. "महिनाभर रात्रंदिवस कॉम्प्युटर चालू ठेवला," तो आईकडे बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "कोण देतोय माहीत नाही. म्हटलं असेल कुणी दादांचा चाहता, मुंबईबिंबईचा. चांगलं येत होतं. नेमकं गुरुवारी त्या चिंगूस माणसाने नळ बंद केला! काय मिळतं गं आई असल्या लोकांना?"

त्याला खरंच माहीत नव्हतं, की माहीत होतं, हे धम्मपालला पुढे कधीच ठरवता आलं नाही. स्नेहा वडिलांकडे बघत होती. रंजना खिरीच्या वाटीत बघत होती.

"आई, त्याला सांग," धम्मपाल म्हणाला, "असतात अशी माणसं."

परतताना रिक्षात स्नेहा म्हणाली, "पप्पा, पेन ड्राइव्हवर घालून देऊ या ना. आत्ता जाऊन देऊन येते."

"दिलं तर आधी का नाही दिलं, ते सांगावं लागेल."

"मग सांगा."

रिक्षा सिग्नलला थांबली होती. धम्मपाल सिग्नलकडे बघत राहिला. हिरवा झाला तरी तिकडेच.

घरी येऊन त्याने चपलाही न काढता मर्यादा उठवली. थोड्या वेळाने नागपूरचा संशोधक हजर झाला. ब्याण्णव झाले. वीजबिलाचं पान पुन्हा उघडेनासं झालं आणि धम्मपाल त्याच्या पांढऱ्या रिकाम्या पडद्याकडे समाधानाने बघत बसला. स्नेहा लॅपटॉप घेऊन शाझियाकडे गेली. जाताना तिने वाडगा नेला. रंजनाने तो शेवयांच्या खिरीने भरून दिला होता.

बुधवारी ऑफिसातून आल्यावर त्याने रुमाल उचलला. नव्व्याण्णव झाले होते. तो स्टूल ओढून समोर बसला. शंभर झाले.

आणि नागपूरचा संशोधक खिडकीतून नाहीसा झाला.

"गेला कुठे?" त्याने स्नेहाला विचारलं.

"आता दोघांकडे सगळं आहे ना. एकमेकांकडून घ्यायचं काही उरलं नाही, की सॉफ्टवेअर जोडणी तोडतं. तसंच असतं ते."

धम्मपालने मोबाइल पाहिला. फोन आला नव्हता. 'पगारे परिवार'वर सकाळच्या शुभेच्छांखाली काही नव्हतं. तिकडे गंगापूर रोडला आता शेवटचं कडवं वाजत असेल, अखंड. इकडे त्याने सवयीने वीजबिलाचं पान उघडलं. लखकन उघडलं. बिल त्याने सोमवारीच ऑफिसातल्या माणसाकरवी भरायला दिलं होतं. मग बातम्यांचं उघडलं, हवामानाचं उघडलं. सगळी पानं बोट टेकायच्या आत उघडत होती, आणि त्याला बघायचं असं कुठेच काही नव्हतं.