म्हातारीचा निकाल

संक्रांतीच्या आत म्हातारीचा काय तो निकाल लावणार, असं नागेशनं सगळ्या कळस गावाला सांगून ठेवलं होतं. आणि नागेशनं एकदा ठरवलं की ठरवलं!

म्हातारी म्हणजे त्याच्या सुतारकामाच्या शेडमधलं लाकूड कापायचं मशीन. बिडाचं भलंथोरलं टेबल, मधोमध वर आलेली गोल करवत आणि खाली मोटर. बारामतीतली एक वखार मोडली, तेव्हा नागेशच्या वडिलांनी, अण्णांनी, ते तिथून आणलं होतं. अण्णा गेले, मशीन राहिलं. आजूबाजूच्या गावांतली निम्मी दारं-खिडक्या त्याच्यावर कापून झाली होती. पण आता शाफ्ट वाकला होता, बेरिंगं खुळखुळत होती. बटण दाबलं की टेबलावरची पेन्सिल तव्यावरच्या लाहीसारखी उडायची! परवा तर मशीननं सागाची फळी अशी उलटी फेकली, की ती थेट नागेशच्या पोटात बसली. दिवेलागणीपर्यंत बिचारा कमरेत वाकून हिंडत होता.

दुरुस्त करावी का नवी घ्यावी? सकाळी तो म्हणायचा, "असलं बिडाचं टेबल आता मिळतंय कुठं? नवी मशीनं म्हंजी निस्ता पत्रा!" आणि जेवण झालं की म्हणायचा, "जाऊ दे, काढूनच टाकतो." त्याची बायको सुकन्या ऐकून ऐकून कंटाळली होती.

"मशीनचा जेवढा इचार करताय ना," ती म्हणाली, "तेवढा लग्नाआधी माझा बी केला नसंल तुमी."

घरात मशीनला 'मशीन'च म्हणत. 'म्हातारी' हे शेडमधलं, गिऱ्हाइकांपुढचं नाव. त्यामुळे बनाबाईच्या कानावर ते कधी आलं नव्हतं. बनाबाई ही नागेशची आई. इतकी वर्षं ती सुप्याला थोरल्या मुलाकडे असायची, दसऱ्यापासून नागेशकडे आली होती. तिचे गुडघे पार गेले होते. दिवाळीनंतर नागेशनं तिला बारामतीला दाखवून आणलं. गुडघे झिजलेत, ऑपरेशन करायचं का नाही ते घरच्यांनी ठरवा, असं डॉक्टर म्हणाले. "बघू," नागेश म्हणाला. त्यावर पुढे कुणी काही बोललं नाही. बनाबाईनंही विचारलं नाही.

त्या दिवशी सुकन्या बचत गटाच्या बैठकीला गेली होती. बनाबाई शेडच्या मागच्या अंगाला, पत्र्याला पाठ लावून, उन्हात मेथी निवडत बसली होती. आणि आत नागेशनं इंदापूरच्या फिटरला, रणजितला फोन लावला. नागेश फोनवर असा बोलायचा, की फोन नसता तरी इंदापूरला ऐकू गेलं असतं!

"रणजितराव, म्हातारीचं आज काय ते ठरवूनच टाकू! ... न्हाय ओ, आता काय ऱ्हायलं न्हाय तिच्यात. सांधं समदं ढिलं झाल्यात. दात बी निम्मं पडल्यात. निस्ती थरथर आन् घरघर! ... खर्च? आता तिच्यावर खर्च करून काय उपेग, तुमीच सांगा!"

बनाबाईच्या हातातली मेथीची काडी हातातच राहिली.

"सुप्याच्या भाऊला बी इचारलं," नागेश ओरडत होता. "त्यो म्हनतोय, माझ्याकडं नको आणू, जागा न्हाय! ... व्हय, अण्णांच्या माघारी जतन केली. पर किती दिस करायची? निम्मी जागा अडवून बसलीया! कुणी नेत आसंल तर बघा, न्हायतर सरळ भंगारात घालतो!"

बनाबाईनं मेथी नीट कागदात गुंडाळली. भिंतीला धरून उठली. आपली दोन लुगडी, औषधाच्या गोळ्या आणि नवऱ्याचा फोटो पिशवीत घातला, आणि गुडघ्यावर हात देत देत फाट्यावर जाऊन बारामतीच्या एसटीत बसली. कंडक्टरनं हात धरून वर घेतलं. "आजी, कुठं?" त्यानं विचारलं. "पिंपळीला. लेकीकडं," ती म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

नागेश जेवायला घरात आला, तर चूल थंड, मेथी निवडलेली, आणि आई नाही! तो शेजारी बघून आला. देवळात बघून आला. सुकन्या आली, तीही शोधायला लागली. पलीकडच्या विहिरीच्या कठड्याशी जाऊन नागेश आत वाकला. पाण्यात काही नव्हतं. तो तिथंच खाली बसला.

तेवढ्यात फोन वाजला. पिंपळीहून त्याच्या बहिणीचे, म्हाळसाचे मालक, मानसिंगराव.

"नागेशराव, आई आमच्याकडं हाय."

"हाय का! आवं, हितं आमचा जीव—"

"तुमी या. बोलायचं हाय." फोन बंद.

आईला काहीतरी झालंय, एवढंच नागेशला कळलं. डोक्यातला भुसासुद्धा न झटकता त्यानं मोटरसायकल काढली.

मधल्या वेळात पिंपळीत काय काय झालं, त्याला कुठून माहीत असणार? बनाबाईनं लेकीच्या गळ्यात पडून सगळं सांगितलं होतं. म्हाळसानं तिथल्या तिथं सुप्याला फोन लावला होता. "भाऊ, म्हातारीला माझ्याकडं आणू नको म्हनलास, खरं का?" आणि थोरला भाऊ निवांतपणे म्हणाला होता, "व्हय, म्हनलो. मला कुठं जागा हाय?" म्हाळसानं फोन असा आपटला की त्याची काच गेली!

नागेश पोचला, तेव्हा अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. मानसिंगराव गंभीर. म्हाळसा डोळ्याला पदर लावलेली. आणि मधे गावातले जुनेजाणते भीमातात्या, काठीवर हनुवटी टेकून.

"आई कुठं हाय?" नागेशनं विचारलं.

"आत हाय. बरी हाय," मानसिंगराव म्हणाले. "आधी बसा."

बरी आहे म्हटल्यावर नागेशचा जीव भांड्यात पडला. तो बसला. पाणीही कुणी विचारलं नाही.

"म्हातारीला काढायचं ठरवलंय म्हनं?" भीमातात्यांनी सुरुवात केली.

नागेशला नवल वाटलं. बातमी पिंपळीपर्यंत आली? त्याला जरा बरंसुद्धा वाटलं!

"व्हय तात्या, ठरलंच म्हनायचं. तुमच्या वळखीत कुणी नेणारं हाय का?"

गोठ्यातल्या म्हशीनंही रवंथ थांबवला. म्हाळसाच्या तोंडून हुंदका फुटला.

"अरं, अण्णांच्या माघारी तुमी तिला सांभाळायची का अशी..." तात्यांनी काठी आपटली. "काय वंगाळ हाय रं तिचं?"

"वंगाळ? चांगलं काय हाय ते इचारा, तात्या! नीट उभी ऱ्हाईना. आन् परवा तर मला हाणलं!"

"हाणलं?" मानसिंगराव खुर्चीतून अर्धे उठले.

"पोटात! फळी घालून! हे बघा, अजून काळंनिळं हाय!" नागेशनं शर्ट वर केला.

सगळ्यांनी वाकून वळ बघितला. मग सगळ्यांच्या माना सावकाश दाराकडे वळल्या. चौकटीला धरून बनाबाई उभी होती.

"मी कवा हाणलं रं तुला?" ती म्हणाली.

नागेश शर्ट वर धरलेल्या हातानं तसाच राहिला. आईकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं. सकाळी फोनवर बोललेला एकेक शब्द त्याला आठवायला लागला. सांधे. दात. खर्च. भंगार. त्यानं शर्ट खाली सोडला.

"आई... तू न्हाय गं! मशीन! लाकडाचं मशीन! त्याला समदी म्हातारी म्हनत्यात!"

कुणी हसलं नाही. मानसिंगराव हळूच खाली बसले. भीमातात्यांना एकदम खोकला आला. म्हाळसा फुटलेल्या फोनकडे बघत राहिली. बनाबाई तेवढी लेकाच्या तोंडाकडे बघत होती. मग ती उंबऱ्यावर टेकली.

"मशीनचं व्हय," ती म्हणाली. "आन् मग माझ्या गुडघ्याचं काय ठरलं?"

ठरलं काहीच नव्हतं. मशीनसाठी त्यानं इंदापूर पालथं घातलं होतं, फिटरला गळ घातली होती, झोपेतसुद्धा बेरिंगं बदलली होती. गुडघ्यांचा मात्र त्या 'बघू'नंतर एकदाही विचार केला नव्हता.

तो उठला आणि आईच्या पायाशी बसला.

"करू आई. परवाच बारामतीला जाऊ. ऑपरेशन करून घेऊ."

"मला न्हाय करायचं," बनाबाई म्हणाली. "ह्या वयात कशाला कापाकापी? पर तू इचारलं न्हाईस रं. तेवढं इचारायचं असतंय."

तिनं त्याच्या केसांतला भुसा बोटांनी काढला.

मग म्हाळसानं चहा टाकला, तात्या "येतो" म्हणून काठी न घेताच निघाले आणि परत येऊन घेऊन गेले. दिवेलागणीच्या आत नागेशनं आईला गाडीवर मागं बसवून कळसला आणलं. वाटभर त्याच्या मनात एकच होतं. शेडशी गाडी थांबवताच तो म्हणाला, "आई, आता मशीन काढायचं न्हाय. शप्पथ! जुनी झाली म्हनून टाकायची? दुरुस्त करीन, जपीन, माझ्या माघारी बी हितंच ऱ्हाईल!"

सुकन्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"लाव बरं," बनाबाई म्हणाली. "बघू दे मला."

नागेशनं बटण दाबलं. मशीन थरथरलं, घरघरलं, टेबल एका अंगाला कलंडलं, पत्रे वाजायला लागले आणि आतून काहीतरी तुटून खणकन लांब जाऊन पडलं. नागेशनं घाईनं बटण बंद केलं.

बनाबाईनं मशीनला एक फेरी मारली. टेबलावर हात ठेवला. करवतीचे मोडके दात न्याहाळले.

"भंगारात घाल," ती म्हणाली.

"आई! अण्णांनी आणलेली हाय गं ती!"

"अण्णा गेलं. बोटं तुझी ऱ्हायल्यात, ती बी जातील. उद्याच्या उद्या घाल. उगं जीव गुंतवतंय लोखंडात! लाव फोन त्या फिटरला."

नागेशनं फोन खिशातून काढला. एकदा आईकडे बघितलं, एकदा पत्र्याकडे बघितलं. मग चपला घातल्या, रस्ता ओलांडला आणि थेट पलीकडच्या उसात जाऊन उभा राहिला.

"रणजितराव," तो कुजबुजला, "ते... लाकूड कापायचं... विजेवर चालणारं... लोखंडाचं मशीन हाय ना, त्याच्याबद्दल बोलतोय."