जिनातल्या काट्यावर शाळेचा स्टाफ

माणसाला चालवलं की वजन उतरतं! यात शंका घेणाऱ्याला मी सरळ वर्गाबाहेर काढतो! तीन वर्षं मी तिवस्याच्या शाळेत ड्रिल मास्तर होतो, पण टेंपररी. माझं लग्नही त्यापायीच अडलेलं. मुलीचे वडील म्हणत, "आधी नोकरीत कायम व्हा, मग अक्षता!"

अशात नशीब माझ्यासाठी खुर्ची मोडून आलं. इन्स्पेक्टरसाहेबांसमोर आमचे हेडमास्तर मोरोपंत "शिस्त म्हणजे..." एवढं म्हणून खुर्चीत बसले आणि खुर्चीसकट खाली गेले! शाळेचे सेक्रेटरी पंजाबराव तिथंच माझ्यावर कडाडले.

"काहो ड्रिल मास्तर! पोरांले कवायत शिकवता, अन् हे मास्तर लोक कापसाच्या बोऱ्यावानी फुगून राहिले! संक्रांतीपर्यंत शाळेतल्या लोकांचं वजन उतरलं पायजे. एकाचं जरी उतरलं, त तुमाले कायम करतो. नाई उतरलं, त तिळगूळ दुसऱ्या गावी खा!"

"एकाचं काय साहेब, सगळ्यांचं उतरवतो!" मी म्हणालो. जीभच ती!

दिवाळी झाल्यावर हेडमास्तरांपासून शिपाई मोतीरामपर्यंत सगळ्यांना जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, नेऊन कापसाच्या काट्यावर चढवलं. मोरोपंत भरले अडीच मण! मापाऱ्यानं सवयीनं विचारलं, "बोऱ्याचं वजन कापू काय?"

दुसऱ्या दिवशी पहाटे माझी पलटण निघाली. पुढे मी शिट्टी घेऊन, मागे नऊ मास्तर, सगळ्यात शेवटी मोतीराम. चालून अंग तापलं की जो तो आपला कोट, मफलर काढून मोतीरामच्या खांद्यावर टाकी. गावाच्या टोकाला पोचेपर्यंत तो चालती खुंटी झालेला असे.

पण माझ्या शास्त्रात एक गोष्ट धरलेली नव्हती. आमच्या वऱ्हाडात दारावरून गुरुजी उपाशी गेला, तर घराला पाप लागतं!

"अवो गुर्जी!" भागीरथाबाई दारातूनच ओरडल्या. "कोरडेच चालले काय? या घरात!"

"नको बाई, आमचा व्यायाम चालू आहे."

"मंग बसून करा न व्यायाम!"

मी शिट्टी फुंकली. पण मोरोपंत केव्हाच उंबरा ओलांडून पाटावर बसले होते. "अन्नाचा अपमान करू नये, मास्तर," ते भज्याला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेजारीण रुसली. "भागीरथाबाईच्या घरचं चालते, आमचं नाई चालत काय?" मग तिच्याकडे पोहे. तिसऱ्या दिवशी अख्ख्या गल्लीत चुली पहाटेच पेटलेल्या! त्यात कोणीतरी उठवलं की, मास्तर लोकांच्या बायका एकजात माहेरी निघून गेल्या, म्हणून बिचारे सकाळीच दारोदार फिरून राहिले. मग तर लोकांनी साजूक तुपाची भांडीच उघडली!

मी घाबरून रस्ता बदलला. घरं नकोत, शेतातून चला! अन् शेतात हुरडा सुरू झालेला. "या गुर्जी, कणसं भाजूनच राहिलो!" हुरडा, वर दही, वांग्याचं भरीत... मी शिट्टी तोंडात घालायला गेलो, तर तोंडात जागाच नव्हती!

संक्रांतीच्या आदल्या दिवशी पुन्हा काटा. पंजाबराव स्वतः उभे. मोरोपंत चढले. पाच शेर वाढ! संस्कृतचे हरिहरशास्त्री चार शेर. मी स्वतः साडेसहा! काटा म्हणजे माझ्या लग्नाचा आंतरपाट झाला. धरला तो धरलाच, खाली काही येईना.

"कोणाकोणाच्या घरी खाल्लं बे?" पंजाबराव गरजले.

"शनिवारी आपल्याच घरी, साहेब," मोरोपंत नम्रपणे म्हणाले. "बासुंदी फार सुरेख होती. वहिनींनी आग्रह केला."

पंजाबरावांनी खाकरून नजर फिरवली. "आता कोण रायलं?"

मोतीराम चढला. मापाऱ्यानं वजन लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "चार शेर कमी!"

मी उडीच मारली! "बघा साहेब! उतरलं! माझी योजना..."

"थांबा," पंजाबराव म्हणाले. "काऱ्हे मोतीराम, तू बी फेरीत होता न? मंग तुयंच कसं उतरलं?"

"साहेब, मी सगळ्याइपेक्षा जास्त चाललो न," मोतीराम म्हणाला. "हे सारे आत खात बसत. मी बाहेर थंडीत उभा राहून काय करू? कोट घेऊन येरझारा मारत जाऊ."

"आत काहून नाई गेला?"

"मले कोणी बलावलंच नाई."

मोरोपंत काट्याच्या साखळीकडे बघत राहिले. भज्यापासून हुरड्यापर्यंत मीही त्या पंगतीत होतो, आणि दोन महिन्यांत माझी शिट्टी एकदाही त्याच्यासाठी वाजली नव्हती.

पंजाबराव शब्दाचे पक्के. कायम झाल्याची ऑर्डर तिसऱ्या दिवशी आली. घेऊन आला मोतीराम. माझ्या खोलीच्या दाराबाहेर उभा राहून त्यानं हात लांब करून कागद दिला.

मी म्हटलं, "मोतीराम, आत ये. बस. चहा टाकतो. तिळाचे लाडूही आहेत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे.

"राहू द्या, गुर्जी," तो हसून म्हणाला. "मायं वजन वाढलं, त तुमची नोकरी जाईन!"