खरातनानांचं युरिक

आमच्या सिडकोतल्या गल्लीत खरातनाना कुणाला नमस्कार करत नाहीत. ते विचारतात, "युरिक किती?"

सिल्लोडच्या एसटीवर तीस वर्षं स्टेअरिंग धरलेला हा माणूस निवृत्त झाला आणि वर्षभरापूर्वी युरिक ॲसिडच्या ड्युटीवर रुजू झाला. माझ्या भाचीला बघायला पाहुणे आले, तेव्हा नानांनी पत्रिका बाजूला सारून मुलाच्या बापाला विचारलं, "पोराचं युरिक?" बाप गांगरून म्हणाला, "दोन एकर बागायत आहे."

दावतीत ते नान-खलियाच्या, म्हणजे मटणाच्या रश्श्याच्या पातेल्यापासून चार हात लांब उभे राहतात आणि ज्याच्या त्याच्या ताटात डोकावतात. "खा, खा. युरिक वाढून सुजणारा पायाचा अंगठा तुझा हाय." समोरच्याचा घास तिथंच अडकतो. घरात मटण बंद, तुरीचं वरण बंद, रोज दुधी. शिवाय तासाला पाणी, तेही कमलकाकूंना सोबत घेऊन. काकू कावतात, "ह्यांच्या अंगठ्यापायी मी वरणाला महाग झाले."

लंगडायचे मात्र झोकात. कधी उजव्या पायानं, कधी डाव्या. मी विचारलं तर म्हणाले, "लोड वाटून घ्यावा लागतो."

परवा माझा रिपोर्ट आणायला लॅबमध्ये निघालो, तर नानांनी त्यांचं पाकीटही आणायला सांगितलं. मी जात्याच चोंबडा. रस्त्यातच उघडलं. आत दोघांचे रिपोर्ट. नानांचं युरिक पाच, अगदी ठणठणीत. काकूंचं सात, आणि शेजारी मागचा आकडा, साडेनऊ.

नाना ओट्यावर बसले होते. उघडं पाकीट बघून त्यांनी आधी दाराकडं नजर टाकली.

"तिला सांगितलं आसतं तर म्हणली आसती, माझ्या एकटीसाठी कशाला येगळं शिजवायचं? वरण खाऊन पाय सुजवून बसली आसती. माझ्यासाठी मात्र झक मारून पथ्याचं करती, आन् तेच खाती. रिपोर्ट मी वाचतो, ती चष्मा हुडकंपर्यंत."

मग आकडा बघून लहान पोरासारखे खुलले. "लई उतरलं की."

मला भरून आलं. मटणाशिवाय एक रविवार न काढलेला हा माणूस, धडधाकट अंगठा असून वर्षभर दुधी गिळत होता आणि आम्ही त्याला हसत होतो.

आतून काकूंची हाक आली, "अवं, पाणी प्यायची येळ झाली."

नाना लगबगीनं उठले आणि डाव्या पायानं लंगडत निघाले.

"नाना," मी हळूच म्हणालो, "सकाळी उजवा होता."

त्यांनी पाय बदलला.