बाभळीचं बूच

भानुदासबप्पांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसतं, चष्मा नसतो. बाभळीची बुचं असतात. करंगळीएवढी, चाकूनं तासलेली, तेल पाजलेली. तेलगावातल्या आमच्या गल्लीत कुणी मोटारसायकल घेऊन शिरलं, की बप्पा ओट्यावरून उठून आडवे येतात. "थांब बे. गाडीला दमा हाय."

मग पाहुण्याचा चहा होईपर्यंत टाकी सैल करायची, खालची रबरी नळी ओढायची, तीत बूच दाबून नळी परत जागेवर. मजुरी विचारली तर रागावतात.

ती नळी काय करते हे आधी सांगतो, कारण माझं भांडण त्यावरूनच आहे. ती सायलेन्सरच्या वाटेत ताजी हवा सोडते. इंजिनात न जळलेलं पेट्रोल त्या हवेनं तिथंच जळतं आणि धुरातलं विष कमी होतं. बूच मारलं की ते विष सरळ शाळेला चाललेल्या पोरांच्या नाकात. आपल्या फुप्फुसांसाठी बसवलेली वस्तू एक माणूस फुकटात बंद करतो आणि गाव त्याला चहा पाजतं, ही कसली समाजसेवा? मी पत्रक छापलं, 'बूच काढा, श्वास वाचवा'. पहिलं बप्पांनाच दिलं.

त्यांनी दोनदा वाचलं. "छपाई झकास हाय," म्हणाले, आणि तेलातली बुचं त्यावर निथळायला ठेवली.

कारण विचारावं तर प्रत्येकाला वेगळं. दूधवाल्याला सांगतात, आवरेज वाढतं. तलाठ्याला, इंजिन थंड राहतं. नव्या जावयाला, उचल लई येती. मी तिन्ही खोटी पाडली.

"बप्पा, खरं सांगा, कावून करता हे?"

"तुला बसवू का एक?"

"माझ्या गाडीला हात लावायचा न्हाई."

"न्हाई लावत. मग गाडी गल्लीच्या बाहीर लावत जा."

हे मला फार लागलं. रस्ता काय यांच्या नावावर आहे? दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम त्यांच्या दारावरून गाडी नेली. माझी नळी उघडी, त्यामुळे पिळलेली मूठ सोडली की उरलंसुरलं पेट्रोल सायलेन्सरात पेटून बार निघतात. ओट्यासमोर मी मूठ सोडली. फट, फट, फट.

ओट्यावर बप्पांची थोरली बहीण, आक्का, तुरीच्या शेंगा सोलत होती. तिच्या हातातलं सूप उडालं. म्हातारी हात पसरून रस्त्यात आली. "सरा, मागं सरा. आत माणूस हाय. दोर ओढा, दोर."

बप्पा धावले. ती गाडी आहे, असं काही त्यांनी तिला समजावलं नाही. खरंच दोर असल्यासारखे हात ओढत राहिले. "आलं बघ. दाजी वर आलं, आक्का." हळूहळू तिचे हात खाली आले. मग दोघं सांडलेल्या शेंगा वेचायला बसले. मीही बसलो.

वेचता वेचता बप्पांनी सांगितलं, माझ्याकडं न बघता. दाजी विहिरी खोदायचे. वात पेटवून वर येत होते, दोर बप्पांच्या हातात होता. सुरुंग आधीच उडाला. आता आक्काला मधली वर्षं आठवत नाहीत, आवाज तेवढा आठवतो.

"मग लोकांना हेच सांगा की. आवरेज कशाला?"

"हे सांगितलं तर लोक हिच्याकडं बघतेत," बप्पा म्हणाले. "आवरेज सांगितलं की गाडीकडं बघतेत."

पत्रक मी मागं घेतलेलं नाही. बुचाचं विष आक्काच्याही नाकात जातं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. पण आता मी गल्लीच्या तोंडाशीच गाडी बंद करतो आणि ढकलत नेतो. चढ आहे, घाम निघतो.

परवा दुपारी बप्पा ओट्यावरून उठले. सवयीनं खिशातून बूच काढलं, माझ्याकडं बघितलं, परत ठेवलं. मग मागून गाडीला हात लावला.

"लोट," ते हळूच म्हणाले, "आक्काचा डोळा लागलाय."